हात न जोडणाऱ्याला वरण मिळतं का?

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि बाराही बचत गटांतल्या सगळ्या बाया,
महिला ग्रामसंघ, जिल्हा अमरावती

सगळ्यांना जय भीम आणि रामकृष्ण हरी.

मंगळवारच्या बैठकीतून मी मधेच उठून आले. तिथे बोलले असते तर आवाज चढला असता, आणि आवाज चढवून सांगायची ही गोष्ट नव्हे. म्हणून चार दिवस जाऊ दिले आणि आता लिहायला बसले आहे. येत्या शुक्रवारी ठराव मांडण्याआधी हे पत्र वाचून दाखवा. शेजारच्या गावांतल्या ग्रामसंघांनाही द्या. हा वाद आज आपल्याकडे आला, उद्या त्यांच्याकडे जाईल.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, ओलीत जवळजवळ नाहीच. पावसावर आणि काळ्या जमिनीतल्या ओलीवर जे येईल ते: पराटी (कापूस), तूर, मूग, हरभरा. तुरीचं खळं झालं की बाराही गटांतली प्रत्येक बाई पायलीभर तूर बाजूला काढते. जिचं वावर नाही ती मजुरीत मिळालेल्या तुरीतून देते. एखादीची पायली भरत नाही, तिला कोणी विचारत नाही. सारी मिळून साडेतीन-चार क्विंटल होते, क्विंटलमागे 70-72 किलो डाळ निघते. अर्धी डाळ नागपूरला जाते, कॅन्सर हॉस्पिटलसमोर एका मठाचं अन्नछत्र आहे तिथे. उरलेली अर्धी ख्रिस्ती मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात, सोबत जुन्या लुगड्यांच्या वाकळी.

यंदा दोन ठराव आले आहेत. आमच्या वस्तीतल्या पोरींचं म्हणणं, मठाला डाळ द्यायची नाही. गावातल्या काही बायांचं म्हणणं, मिशनला द्यायची नाही. कारण दोघींचंही एकच: त्यांचे विचार आपल्याला पटत नाहीत, मग आपल्या घामाची तूर त्यांच्या कोठीत कशाला? "त्याईचं त्याईनं पाहावं, आपून काहून पोसाव?" हे वाक्य मंगळवारी मी आधी उजव्या हाताला ऐकलं आणि पाच मिनिटांनी डाव्या हाताला.

हा प्रश्न विचारणाऱ्या पोरींना कोणी गप्प बसवू नका. तूर कुठे जाते हे विचारायचा हक्क पायली देणाऱ्या प्रत्येकीचा आहे. "पुण्याचं काम आहे, विचारू नका" असं मंगळवारी एक जण म्हणाली, ते मला मुळीच आवडलं नाही. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. पुण्याच्या नावाखाली आलेलं किडकं धान्य मी माझ्या हातांनी परत पाठवलं आहे.

मठाबद्दल मला काय वाटतं ते आधी स्वच्छ सांगते, म्हणजे मी मठाची वकिली करते असं वाटायला नको. माझे सासरे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षेला गेले होते. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर लावलेल्या आहेत आणि त्या नुसत्या लावलेल्या नाहीत. मठाचे महाराज प्रवचनात काय सांगतात ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण अन्नछत्राच्या भोंग्यावरून मी ते साडेसहा आठवडे ऐकलं. विधवेनं कसं राहावं. पाळीच्या दिवसांत बाईनं चुलीजवळ का जाऊ नये. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं तर कुळाचं काय होतं. माझ्या पोरीनं जातीबाहेर लग्न केलं आहे आणि जावई माझ्यासाठी पोटच्या पोरासारखा आहे. ते शब्द ऐकताना माझा घास तोंडात फिरायचा.

तरी मी म्हणते, डाळ द्या. का म्हणते, ते ऐका.

माझ्या नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर झाला होता. खर्रा, तंबाखू-सुपारी-चुन्याचा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण खर्रा आपल्या फाट्यावरच्या टपरीत आजही पन्नीत घोटून मिळतो, आणि यांनी तो बावीस वर्षं खाल्ला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी 33 शेक (रेडिएशन) लिहून दिले, आठवड्यातून पाच. खोली घ्यायला पैसा नव्हता. तपासण्यांच्या दिवसांत कोणीतरी एका संस्थेचा पत्ता दिला, रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला जागा देतात म्हणून. आवार झाडून पुसून लख्ख. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, माणुसकी हाच धर्म वगैरे. वहीत नाव लिहिणाऱ्या माणसानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पेन थांबला. मग गाव विचारलं. मग गावात कोणत्या बाजूला राहता ते विचारलं. मग खोली शिल्लक नसल्याचं त्याला आठवलं. आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याला खोली मिळाली. त्या रात्री आम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झोपलो, यांच्या डोक्याखाली माझी पिशवी.

भिंतीवर लिहिलेल्या एकाही वाक्याशी माझा मतभेद नव्हता, हे लक्षात ठेवा.

शेक सुरू झाल्यावर आम्ही मठाच्या अन्नछत्रात जेवायला जाऊ लागलो, कारण तिथे पैसे लागत नव्हते. पंगत बसली की सगळे हात जोडून श्लोक म्हणत. पहिल्या दिवशी मी हात मांडीवर ठेवून बसले. छाती धडधडत होती, आता उठवतील असं वाटत होतं. वाढणारा पोरगा पुढे आला. माझ्या हातावर जय भीम गोंदलेलं आहे, ते त्यानं पाहिलं. म्हणाला, "मावशी, भात अजून घ्या, संध्याकाळपर्यंत दम निघाला पाहिजे." बस, एवढंच. 33 शेक होईपर्यंत आम्हाला तिथे कोणी आडनाव विचारलं नाही, हात का जोडत नाही हेही विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात यांचं तोंड आतून सोललं. तिखट तर सोडाच, मीठही झोंबायचं. मठात कांदा नाही, लसूण नाही, मिरची नावाला. तो त्यांच्या धर्माचा नियम. रुग्णांचा विचार करून कोणी तो केला नव्हता. पण त्या दिवसांत यांच्या घशाखाली जे उतरलं ते तेवढंच पातळ वरण, भातात कालवून कालवून. हे पुढच्या मृगात गेले. त्या सालच्या तुरीतली पहिली पायली मी नागपूरला पाठवली, आणि दुसऱ्या साली तुम्ही सगळ्यांनी त्यात आपापली घातली. फंडाची सुरुवात ती. आज ज्या पोरी ठराव मांडताहेत त्या तेव्हा शाळेत होत्या, त्यांना हे ठाऊक नाही. चूक माझीच, मी कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही संस्थेला द्यायची वेळ आली की मी एकच गोष्ट पाहते: हात न जोडणाऱ्याला वरण मिळतं का? संस्थेच्या माणसांनी घरी कोणता देव पुजावा, काय खावं, काय बोलावं, हे मी ठरवू शकत नाही. पण त्यांचं मानणं न मानणारा माणूस दारात उभा राहिला तर त्याचं ताट कमी होतं का, त्याला मान खाली घालावी लागते का, हे पाहता येतं. त्यासाठी प्रवचन ऐकावं लागत नाही. जाऊन पंगतीत बसावं लागतं.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना गांधीजींच्या विचारांचा. 1969 ला तिथे मेडिकल कॉलेज निघालं, आजही तिथली पोरं खादी घालतात, श्रमदान करतात. तिथल्या डॉक्टरांनी आजूबाजूच्या गावांसाठी ज्वारीवरचा आरोग्य विमा काढला. हंगामात घरटी ज्वारी द्यायची, वर्षभर दवाखान्याची सोय. माझ्या आईनं ज्वारी दिली. ती मटण खायची, खादी कधी अंगाला लावली नाही, आणि गांधीजींबद्दल तिचं मत आमच्या वस्तीत असतं तेच होतं. दवाखान्यानं तिला कधी म्हटलं नाही की मटण सोड. धान्य देऊन दवाखाना चालवायची ही पद्धत मी माहेरी पाहिली होती, म्हणूनच इथे पायली सुचली.

आता मिशन. गावातल्या बायांनो, तुमची भीती मला कळते. दवाखाना हे निमित्त, आतून धर्म बदलवतात, असं तुमच्या कानावर घातलं गेलं आहे. मिशनच्या लोकांना आपल्या देवाकडे माणसं यावीत असं वाटतं का? वाटतं. ते ही गोष्ट लपवत नाहीत. मला ते पटतं का? नाही पटत. दुखणं घेऊन आलेल्या माणसापुढे देवाची गोष्ट काढूच नये, असं माझं मत आहे, मग तो देव कोणताही असो.

पण गेल्या पावसाळ्यात मी आपल्याच गावच्या एका आजोबांना घेऊन तिथे गेले होते. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या पायाला संवेदना नाही. वावरात काटा रुतला तर कळत नाही, चुलीपुढे पाय भाजला तर वास आल्यावर कळतं. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, कोणाला सहा महिने, कोणाला बारा. मी अंगणवाडीत असताना आशाताईंबरोबर घरोघरी पाठीवरचे चट्टे तपासत फिरले आहे, गोळ्यांची पाकिटं वाटली आहेत. ते औषध जंतू मारतं. मेलेली नस जिवंत करत नाही. म्हणून रुग्ण रोगातून बरा झाला तरी पायाची जखम वर्षानुवर्षं चालते. त्याला मऊ रबराची खास चप्पल लागते, पायाच्या मापाची. वाकडी झालेली बोटं ऑपरेशन करून सरळ करावी लागतात. रोज पाय पाण्यात भिजवून, घासून, तेल लावून तपासायला शिकवावं लागतं. हे काम मन लावून करणारे थोडे आहेत. मिशनवाले ते करतात.

आजोबा तिथे दोन महिने राहिले. सकाळी प्रार्थना होते, ज्याला जायचं तो जातो. आजोबा माळकरी, ते गेले नाहीत. त्यांच्या खाटेच्या उशाला विठोबाचा फोटो होता. तो टांगायला खिळा नर्सनं ठोकून दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आले तेव्हा पायात नवी चप्पल होती. ज्या दिवशी प्रार्थनेला न येणाऱ्याची चप्पल अडेल, त्या दिवशी गाडीवरचं पोतं मीच खाली उतरवीन.

आणि एक आठवा. कुष्ठरोग्यांना वेशीबाहेर कोणी काढलं होतं? मिशननं नव्हे. आपणच, आपल्याच देवाधर्माच्या नावानं. परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, पण अंगावर रोग आला तेव्हा पांडित्य कामाला आलं नाही. 1939 साली सेवाग्रामला गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतः त्यांचं अंग चोळलं. त्याआधी 1936 ला दत्तपूरला मनोहर दिवाणांनी काम सुरू केलं होतं. पुढे 1946 ला आपल्या अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, मग वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी आनंदवन. ही आपली माणसं, यांचा अभिमान आपण बाळगतोच. पण मिशनवाले या कामात त्यांच्याही आधीपासून होते, हे नाकारून चालणार नाही.

माझ्या वस्तीतल्या पोरींनो, तुमच्याशी मला जास्त बोलायचं आहे, कारण तुम्ही माझ्या आहात. तुम्ही म्हणालात, "आजी, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं त्यालाच आपण डाळ घालतो." याचं उत्तर मला आपल्याच मातीत सापडतं. शेंडगाव इथून किती लांब आहे? गाडगेबाबा 1876 ला तिथे जन्मले. देव दगडात नाही, नवसाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे त्यांनी जन्मभर कीर्तनात सांगितलं. आणि धर्मशाळा कुठे बांधल्या? पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक. आपल्या ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, तोही यात्रेला येणाऱ्यांसाठीच. दगडातल्या देवाला भेटायला निघालेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळावी, यासाठी हा माणूस खराटा घेऊन दारोदार फिरला. त्या यात्रेकरूंचं मानणं त्यांना पटत नव्हतं. त्यांचे थकलेले पाय दिसत होते. त्यांच्या नावानं दादरला चालणारी धर्मशाळा आज टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देते.

दुसरी बाजूही पाहा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एक जण हातात टाळ घेऊन कीर्तन करणारा, दुसऱ्यानं तो धर्मच सोडायचं जाहीर केलेलं. देणाऱ्यानं दिलं, घेणाऱ्यानं घेतलं, आणि दोघांनीही आपलं बोलणं तसूभर बदललं नाही. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले. त्याच महिन्याच्या 20 तारखेला गाडगेबाबा वलगावजवळ गेले.

पण तुमच्यातल्या एकीनं विचारलेल्या प्रश्नापुढे मी मंगळवारी खरंच अडले. ती बी.कॉम. झालेली आहे. ती म्हणाली, "आपण पैसे देत नाही, डाळ देतो, म्हणून आपल्याला वाटतं की आपण फक्त ताटाला देतो. पण आपण डाळ दिली की मठाचे डाळीचे पैसे वाचतात. त्या वाचलेल्या पैशातून भोंगा लागतो." बरोबर आहे पोरी. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की डाळीतून प्रवचन शिजत नाही. शिजतं. थोडं का होईना, शिजतं. पोत्याला भोक आहे आणि त्यातून जे सांडतं ते मला नको तिथे जातं.

मग भोक किती मोठं आहे ते पाहावं लागेल. त्यांच्याकडचं बहुतेक धान्य जर पंगतीतच जात असेल आणि रोज शेकडो माणसं जेवत असतील, तर थोडी सांडलवंड मी सोसते. अर्धं प्रवचनाच्या मांडवात जात असेल तर नाही सोसणार. हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. महाराष्ट्रात नोंदलेल्या प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, कायदा 1950 पासूनचा आहे. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर मठाला आणि मिशनला, दोघांनाही, गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागा. आपण आपल्या गटाची दहा रुपयांची बचत वहीत लिहितो, मग चार क्विंटल तुरीचा हिशेब विचारायला लाजायचं काय कारण? जो द्यायला का-कू करेल त्याला डाळ देताना आपणही का-कू करू. त्याच पत्रात मठाला हेही लिहा की पंगतीच्या वेळेला भोंगा बंद ठेवा, समोर बसलेल्यांत रोग्यांच्या बायका आहेत, उद्याच्या विधवा आहेत. सही माझी घ्या. नऊ वर्षं डाळ देणाऱ्याचं पत्र ते वाचतील. डाळ बंद करणाऱ्याचं वाचणार नाहीत.

आणि त्याच दारात दुसरं कोणी, आपल्या विचाराचं, पंगत घालत असतं तर मी डाळ आनंदानं तिकडे वळवली असती. मी दोनदा जाऊन शोधलं. नाही सापडलं. तुम्हाला सापडलं तर शुक्रवारी सांगा, ठराव मीच मांडते.

याचा अर्थ असा घेऊ नका की पंगत सरळ दिसली की डोळे मिटून द्यायचं. तीन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका मंडळाची माणसं वर्गणी मागायला आली होती. त्यांची ॲम्ब्युलन्स आहे, ती कोणालाही नेते, जात विचारत नाही, पैसे घेत नाही. आपल्या दोन बाळंतिणी तिनंच गेल्या. माझ्या कसोटीला ती गाडी पुरेपूर उतरते. तरी मी एक रुपया दिला नाही, कारण तीच पोरं जातीबाहेर लग्न केलेल्या मुलींच्या घरी रात्री जातात, आईबापांना दम देतात, मुलींना ओढून परत आणतात. त्या मुली ॲम्ब्युलन्सच्या रांगेत नसतात. वर्गणीची पावती फाडताना कोणाला दिसत नाहीत. महाराज भोंग्यावर बोलतात त्याला माझी पोर उत्तर देऊ शकते, आणि देते. दारात काठी घेऊन आलेल्यांना ती काय उत्तर देणार? माझं डिझेल त्या गाडीतून त्या दारापर्यंत गेलं असतं. मंडळाला वर्गणी देणाऱ्या बायांशी माझं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तसंच शाळेच्या खिचडीचं. दोन वर्षांपूर्वी एक संस्था आपल्या शाळेचा आहार स्वतः शिजवून देतो म्हणाली, भांडी फुकट, मसाला फुकट. अट एकच, अंडं चालणार नाही. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि विरोध केला, आठवत असेल. तेव्हा मला विचारलं होतं, मठाचं बिनकांद्याचं वरण चालतं आणि यांचं बिनअंड्याचं का चालत नाही? कारण सांगते. कांदा नसल्यानं माणूस वाळत नाही. आणि मी मोठी बाई होते, नको असतं तर उठून बाहेर दहा रुपयांचा आलूपोंगा खाल्ला असता. पहिलीतलं लेकरू कुठे जाईल? मजुरी करणाऱ्या घरात अंडं आठवड्यातून एकदा आलं तरी खूप. माझी बहीण धारणीकडे अंगणवाडी चालवते. अमृत आहारात तिथे लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळतं. अंड्याच्या दिवशी हजेरी घ्यावी लागत नाही म्हणते, सगळी आधीच येऊन बसलेली असतात. मोठ्या माणसाच्या श्रद्धेसाठी लेकराच्या ताटातून सहा ग्रॅम प्रथिनं काढून घ्यायची आणि वर त्याला दान म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आता यातूनच माझी मागणी येते, आणि इथे माझीच परीक्षा आहे. सरकारनं 2023 च्या नोव्हेंबरात शाळेत आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला फळ. 2025 च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबवले, द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. माझं म्हणणं, यंदा फंडातली काही तूर विकून त्यात आपल्या शाळेला अंडी द्यावी. पण आपल्या 120 बायांत माळकरी बऱ्याच आहेत. त्यांच्या तुरीचं अंडं करायचा मला अधिकार नाही. मठाला विचारते तेच मला स्वतःला विचारावं लागेल.

म्हणून त्यांची पोती वेगळी ठेवू. ज्या पोत्यावर तुळशीचं पान काढलेलं असेल ती तूर अंड्यात जाणार नाही. बी.कॉम. झालेली पोरगी म्हणेल, आजी, खळं तर एकच आहे, इकडची वाचली म्हणून तिकडची गेली. हो, हिशेबाच्या वहीत तसंच दिसेल. पण विचारून वेगळी ठेवलेली पायली आणि न विचारता मिसळलेली पायली यांत मला फरक वाटतो, आणि माळकरी बायांनाही वाटतो. काल मी गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर काकूंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "माई तूर रोग्याईच्या पंगतीत ने. अंड्याचं मले सांगू नोको, पण पोट्टे जेवले का ते सांगत जाय." मी त्यांच्या पाया पडले. गेल्या चाळीस वर्षांत मी त्या घराच्या ओसरीच्या आत गेले नव्हते. काल त्यांनी आत बोलावून चहा दिला. ही गोष्ट लिहावी की नाही, असं मनात आलं होतं. लिहिली.

ज्या बायांना मठाला द्यायचं नाही त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करू नये, आणि ज्यांना मिशनला द्यायचं नाही त्यांच्यावरही नको. त्यांनी आपलं पोतं दुसऱ्या गाडीत ठेवावं. पण अख्ख्या गावाच्या नावानं दार बंद करायचा ठराव करू नका. आणि ठरावावर हात वर करण्याआधी प्रत्येक बाजूच्या दोघी-दोघींनी, ज्यांना द्यायचं नाही म्हणता, त्यांच्याकडे एक दिवस जाऊन या. मठाला जाणाऱ्यांनी हात जोडू नका, मिशनला जाणाऱ्यांनी प्रार्थनेला बसू नका. काय होतं ते पाहा आणि परत येऊन प्रोसिडिंगमध्ये लिहा, चांगलं असो की वाईट. एसटीचं भाडं मी देते, पेन्शन नाही पण मानधनातून साठवलेलं आहे थोडं. अपमान झाला तर मलाही सांगा. तेव्हा मी या पत्राची आठवण काढणार नाही, तुमच्या ठरावावर अंगठा देईन.

दालमिलवाल्यानं आपल्याला पुढच्या शनिवारचा नंबर दिला आहे. त्याच्या आधी शुक्रवारची बैठक आहे, म्हणजे जायला-यायला मधले पाच दिवस आहेत. माझी तूर पाखडून तयार आहे. पोतं ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे, त्यावर अजून काही खूण केलेली नाही.

तुमची,
वस्तीतली अंगणवाडीची बाई (निवृत्त)